‘कशासाठी?’च्या आधी ‘किती होते?’ : उत्क्रांतीतल्या योगायोगाची प्रस्तावना

ओडिशातल्या सिमिलीपालच्या जंगलात काही वाघ असे आहेत की त्यांच्या अंगावरचे काळे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळले आहेत. पाठीकडून पाहिले तर पिवळा रंग जेमतेम फटींतून दिसतो. लोक त्यांना काळे वाघ म्हणतात. रानात इतरत्र असा वाघ सहसा आढळत नाही. सिमिलीपालमध्ये मात्र २०२१ च्या सुमारास दर तीन वाघांमागे साधारण एक असा होता. बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमधल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली यामागचे जनुक दाखवून दिले. त्या जनुकात डीएनएचे एकच अक्षर बदललेले आहे. याच जनुकात बिघाड झाला की पाळीव मांजराच्या अंगावर सरळ पट्ट्यांऐवजी मोठाली वळसेदार नक्षी उमटते, आणि आफ्रिकेतल्या ‘किंग’ चित्त्याचे ठिपके जोडले जाऊन त्यांच्या रेघा होतात.

हे ऐकल्यावर आपल्यातल्या बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न येतो: काळा रंग कशासाठी? उत्तरही लगेच सुचते. सालवन दाट, उजेड कमी, गडद अंगाचा वाघ सावजाला दिसत नसणार. गोष्ट सुसंगत आहे आणि तिच्यात अशक्य असे काही नाही. पण संशोधकांनी त्याआधी दुसरा प्रश्न विचारला: इथे वाघ होते किती? सिमिलीपालचे वाघ इतर वाघांपासून तुटलेले आहेत आणि त्यांचे पूर्वज अगदी थोडे असावेत. अशा मूठभर वाघांपैकी एकाकडे हा बदल असला तर निव्वळ योगायोगाने तो नातवंडा-पतवंडांत एवढा पसरू शकतो, हे त्यांनी गणिताने दाखवले. निवडीचा हात नव्हताच, असा त्यांचा दावा नाही. तो हात नसतानाही हे घडू शकते, एवढे मात्र सिद्ध होते. आणि मग ज्याला सालवनाची गोष्ट सांगायची असेल त्याला जास्तीचा पुरावा आणावा लागतो.

ही प्रस्तावना ज्या अभ्यासक्षेत्राची आहे ते या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत उभे आहे. सजीवांमधल्या कोणत्या गोष्टी नैसर्गिक निवडीने घडल्या, कोणत्या योगायोगाने रुजल्या, आणि हे ओळखायचे कसे? जीवशास्त्राचे विद्यार्थी इथे येतातच. पण डॉक्टर, शेतकी संशोधक, वनखात्यातली माणसे, गणिताची आवड असलेले शिक्षक आणि नुसतेच कुतूहल असलेले वाचक यांचेही इथे मनापासून स्वागत आहे. एनसीईआरटीने २०२३ साली दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या लाखो मुलांची या विचाराशी शाळेत गाठच पडणार नाही, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून हे दार जितके रुंद उघडता येईल तितके उघडावे, अशी माझी इच्छा आहे.

चार्ल्स डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ १८५९ मध्ये आला आणि ‘कशासाठी?’ या प्रश्नाला निसर्गाच्या आतून उत्तर मिळाले. पिल्लांमध्ये फरक असतात, काही फरक तगायला मदत करतात, ते पुढच्या पिढीत अधिक प्रमाणात उतरतात. डोळा, पंख, फुलाचा मध आणि त्या मधापर्यंत पोचणारी सोंड यांचे याहून चांगले स्पष्टीकरण आजही कोणाकडे नाही. हे मी सुरुवातीलाच सांगतो आहे, कारण योगायोगाचे महत्त्व सांगू लागले की काहींना वाटते, आता डार्विनला निरोप द्यायचा. तसे काही नाही. जो बदल उपयोगीही नाही आणि अपायकारकही नाही त्याच्यावर निवड चालणार नाही, हे स्वतः डार्विनने त्याच ग्रंथात लिहून ठेवले आहे. तो धागा मात्र पुढे फार उशिरा कोणी नीट हातात घेतला.

योगायोग म्हटले की विज्ञानाने हात टेकले, असा एक समज आहे. तो आधी दूर करायला हवा. या क्षेत्रातल्या योगायोगाला नियम आहेत आणि तो मोजता येतो. तो कसा मोजला गेला ते पाहण्यासारखे आहे. साल १९४३. साल्व्हादोर लुरिया तेव्हा अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात होते. जिवाणूंवर विषाणू सोडला की जवळजवळ सगळे मरतात, थोडे वाचतात आणि त्यांची प्रजाही त्या विषाणूला दाद देत नाही. ही प्रतिकारशक्ती विषाणूच्या हल्ल्यामुळे निर्माण होते, की हल्ल्याच्या आधीच काहींमध्ये आपोआप आलेली असते? लुरियांना मार्ग सुचला तो एका नृत्याच्या कार्यक्रमात, एक सहकारी नाण्यांच्या जुगारयंत्रावर खेळत असताना. ते यंत्र बहुतेक वेळा काहीच देत नाही आणि एखाद्या वेळी नाण्यांचा ढीग ओतते. प्रतिकार हल्ल्यामुळे येत असेल तर वेगवेगळ्या नळ्यांत वाढवलेल्या जिवाणूंपैकी वाचणाऱ्यांची संख्या सगळीकडे साधारण सारखी निघेल. पण तो आधीच योगायोगाने येत असेल तर बहुतेक नळ्यांत वाचणारे थोडे, आणि जिथे बदल लवकर झाला त्या एखाद्या नळीत प्रचंड. प्रयोग केला तेव्हा अशा ढिगाच्या नळ्या सापडल्या. माक्स डेलब्रुक यांनी त्याचे गणित बसवले. उत्परिवर्तन जीवाची गरज पाहून होत नाही, हे त्यातून दिसले. ते कुठे जास्त होते, कुठे कमी होते, पण आपल्या धन्याला काय हवे आहे याची त्याला खबर नसते.

हा झाला पहिला योगायोग. दुसरा त्याहून दुर्लक्षित आहे आणि माझ्या मते या विषयाचा खरा गाभा तिथे आहे. समजा, एक उपयुक्त बदल झाला. मग तो टिकलाच पाहिजे ना? जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२७ मध्ये हिशेब केला. एखाद्या नव्या बदलाने जीवाला एक टक्का फायदा होत असेल, तरी मोठ्या समूहात तो टिकून सर्वत्र पसरण्याची शक्यता साधारण दोन टक्केच. शंभरातले अठ्ठ्याण्णव उपयुक्त बदल पहिल्या काही पिढ्यांतच नाहीसे होतात, कारण ज्या एकट्या जीवाकडे तो बदल आहे तो पुरात वाहून जाऊ शकतो, किंवा त्याची पिल्ले त्या बदलाची प्रत न घेताच जन्माला येऊ शकतात. हे हाल्डेन १९५७ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. या विषयाचा पाया घालणाऱ्या तिघांपैकी एकाने आपले शेवटचे काम आपल्या देशात केले, याचा मला अभिमान वाटतो. बाकीचे दोघे म्हणजे रोनाल्ड फिशर आणि सिवॉल राइट. पिढीगणिक जनुकांच्या प्रमाणात जी योगायोगाची वाढ-घट होते, तिला जनुकीय विचलन म्हणतात. त्याचे महत्त्व राइट यांनी १९३१ मध्ये ठासून मांडले आणि फिशर यांच्याशी त्यावरून त्यांचा दीर्घ वाद झाला.

विचलन डोळ्यांनी पाहायचे असेल तर पीटर बुरी यांचा १९५६ मधला प्रयोग वाचावा. त्यांनी फळमाश्यांच्या १०७ वसाहती केल्या. प्रत्येक वसाहतीत दर पिढीला आठ नर आणि आठ माद्या, कोणतीही निवड न करता उचललेल्या. डोळ्याच्या रंगावर परिणाम करणाऱ्या एका जनुकाची दोन रूपे सुरुवातीला सगळीकडे निम्मी-निम्मी होती. एकोणीस पिढ्यांनंतर ३० वसाहतींत एक रूप पार नाहीसे झाले होते आणि २८ वसाहतींत दुसरे. सगळ्या वसाहती मिळून मोजल्या तर प्रमाण तरीही निम्म्याच्या आसपासच होते. कोणतेही रूप वरचढ नव्हते. फक्त प्रत्येक वसाहतीत माश्या सोळाच होत्या. सोळाऐवजी सोळा हजार असत्या तर एवढ्या पिढ्यांत काही घडलेले दिसलेच नसते. म्हणून ‘किती होते?’ हा प्रश्न मी आधी ठेवतो. समूह लहान असला की किरकोळ फायद्या-तोट्याचा बदल निवडीच्या नजरेतच भरत नाही आणि योगायोग त्याला कुठेही नेऊ शकतो. समूह मोठा असला की तोच किरकोळ फायदा पिढ्यान्‌पिढ्या साठत जातो. जपानच्या तोमोको ओहता यांनी १९७३ मध्ये ही सीमारेषा नीट आखली.

ओहतांचे गुरू मोतू किमुरा. त्यांच्यापाशी थोडे थांबू या, कारण विसाव्या शतकातला या क्षेत्रातला सर्वांत धाडसी विचार मिशिमा गावच्या राष्ट्रीय आनुवंशिकी संस्थेत बसून त्यांनी केला. १९६० च्या दशकात प्रथिनांची रचना वाचता येऊ लागली होती. एमिल झुकरकांडल आणि लायनस पॉलिंग यांच्या लक्षात आले होते की निरनिराळ्या प्राण्यांच्या हिमोग्लोबिनमधले फरक काळाबरोबर जवळपास एका ठेक्यात, घड्याळासारखे साठत जातात. रिचर्ड ल्युऑन्टिन आणि जॅक हबी यांना १९६६ मध्ये फळमाश्यांत कल्पनेपेक्षा किती तरी अधिक जनुकीय विविधता सापडली होती. किमुरांनी हिशेब मांडला: सस्तन प्राण्यांच्या पूर्ण जनुकसंचात साधारण दर दोन वर्षांना एक बदल पक्का होत असला पाहिजे. एवढ्या वेगाने प्रत्येक बदल निवडीने रुजवायचा तर कमी प्रतीच्या जीवांच्या मृत्यूने त्याची किंमत मोजावी लागेल, आणि ती किंमत कोणत्याही प्राण्याला परवडणारी नाही. मग १९६८ मध्ये त्यांनी सांगितले की रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक पक्के झालेले बदल नफ्याचेही नाहीत आणि तोट्याचेही नाहीत. ते योगायोगाने आले आणि योगायोगाने राहिले. पुढच्याच वर्षी जॅक किंग आणि टॉमस ज्यूक्स यांनी स्वतंत्रपणे तोच विचार मांडला.

यातले गणित नवख्या वाचकानेही एकदा करून पाहावे, इतके ते सुंदर आहे. एका समूहात हजार जीव आहेत. प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती, म्हणजे एकूण दोन हजार. दर पिढीला जितकी उत्परिवर्तने होतील ती या दोन हजारांच्या प्रमाणात. आता तटस्थ अशा एका नव्या बदलाला पुढे कधीतरी सगळ्या समूहात पसरण्याची संधी किती? दोन हजारांत एक. समूह दहा लाखांचा असेल तर उत्परिवर्तने हजारपट होतील, पण प्रत्येकाची संधीही हजारपटीने कमी होईल. गुणाकार केला की प्रतींची संख्या वरखाली कटून जाते आणि हातात राहतो फक्त उत्परिवर्तनाचा वेग. ज्या ‘किती होते?’ या प्रश्नाला मी एवढे महत्त्व दिले तोच इथे विरघळून जातो, आणि म्हणूनच रेणूंचे ते घड्याळ हत्तीत आणि उंदरात, लहान समूहात आणि मोठ्या समूहात चालू शकते.

पुरावाही विलक्षण होता. पेशीत डीएनएची गुंडाळी ज्याच्याभोवती होते त्या हिस्टोन एच-४ या प्रथिनात १०२ घटक असतात. वाटाण्याच्या आणि गाईच्या या प्रथिनात फरक फक्त दोन घटकांचा. उलट रक्त गोठताना जे तुकडे कापून टाकून दिले जातात त्या फायब्रिनोपेप्टाइडांत बदल झपाट्याने साठतात. बदल मुख्यतः उपयोगासाठीच होत असते तर सर्वांत महत्त्वाच्या जागी ते सर्वांत जास्त दिसायला हवे होते. दिसते नेमके उलटे. महत्त्वाच्या जागी निवड पहारा देते आणि बदल खपवून घेत नाही; जिथे पहारा नाही तिथे काळ आपली नोंद करत जातो.

जाता जाता कांद्याचाही उल्लेख करायला हवा. लासलगावच्या बाजारात येणाऱ्या कांद्याच्या जनुकसंचात सुमारे १,६०० कोटी अक्षरे असतात, माणसाच्या सुमारे ३०० कोटी. कॅनडातले टी. रायन ग्रेगरी यांनी २००७ मध्ये असे सुचवले की डीएनएतल्या प्रत्येक अक्षराला काम आहे असे ज्याला वाटते त्याने आधी कांद्याला पाचपट अक्षरे कशाला लागतात ते सांगावे. कांद्याच्या डीएनएचा फार मोठा भाग म्हणजे स्वतःच्या प्रती काढत सुटलेल्या तुकड्यांची रास आहे.

किमुरांच्या विचाराला कडवा विरोध झाला, आणि त्या विरोधातून या क्षेत्राची शिस्त घडली. स्टीफन जे गूल्ड आणि ल्युऑन्टिन यांनी १९७९ मध्ये एक निबंध लिहिला. व्हेनिसच्या सॅन मार्को चर्चमध्ये कमानींवर घुमट बसवताना कोपऱ्यांत त्रिकोणी जागा आपसूक तयार होतात. पुढे त्या चित्रांनी इतक्या सुंदर सजवल्या गेल्या की जणू चित्रांसाठीच त्या बांधल्या असाव्यात असे वाटते. सजीवांचे अवयवही असेच असू शकतात. माणसाची हनुवटी हे त्यांनी दिलेले उदाहरण: जबड्याचे दोन भाग निरनिराळ्या वेगाने वाढतात, त्यातून ती उरते. प्रत्येक अवयवाला हेतू चिकटवून सुरेख गोष्ट रचायची आणि तिची परीक्षाच घ्यायची नाही, या सवयीवर त्यांचा रोख होता. आजही वर्तमानपत्रांत माणसाच्या प्रत्येक सवयीचे मूळ आदिमानवाच्या शिकारीत शोधणारे लेख येतात तेव्हा हा निबंध पुन्हा वाचावासा वाटतो.

पण योगायोगालाही आंधळेपणाने मान देऊ नये. इंग्लंडमधल्या एका जातीच्या गोगलगायींच्या शंखांवर पिवळा, गुलाबी, तपकिरी असे रंग आणि कमी-जास्त पट्टे असतात. हे फरक निरर्थक आहेत, असे भल्याभल्यांना वाटत होते. आर्थर केन आणि फिलिप शेपर्ड यांनी १९५० च्या सुमारास दाखवले की कस्तुर पक्षी दगडावर आपटून त्या फोडतात, आणि गवतात पट्ट्यांच्या पिवळ्या तर दाट झाडीखाली बिनपट्ट्यांच्या गडद गोगलगायी त्यांच्या नजरेतून जास्त सुटतात. फुटलेल्या शंखांची मोजदाद हा त्यांचा पुरावा. गंमत म्हणजे याच केन यांना पुढे जॉन करी यांच्याबरोबर मार्लबरोच्या टेकड्यांवर असे टापू सापडले की जिथे मैलभर एकच रूप पसरलेले, आणि त्याचा गवताशी किंवा झाडीशी काही संबंध लागेना. एका जातीत, एका देशात, एकाच गुणाबद्दल दोन्ही प्रकारची उत्तरे. या क्षेत्रात काम करायचे तर इतका मोकळेपणा लागतो.

निवडीचा जोर पाहायचा असेल तर गालापागोसमधल्या डॅफ्नी मेजर या छोट्या बेटावर जावे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून तिथल्या फिंच पक्ष्यांच्या चोची मोजल्या. १९७७ मध्ये पाऊस झाला नाही, बारीक बिया संपल्या आणि उरली ती आपल्याकडच्या सराट्याच्या भाऊबंदाची टणक, काटेरी फळे. जाड चोचीचे पक्षी जास्त जगले आणि पुढच्या पिढीची चोच सरासरीने जाड झाली. १९८३ च्या अतिवृष्टीनंतर बारीक बियांचे रान माजले आणि वारे उलटे फिरले. चोच काटेकोरपणे परिस्थितीशी जुळत गेली, पण परिस्थितीने कुठे वळायचे ते ठरवले पाऊसमानाने.

आपल्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर मलेरियाचे घ्यावे, आणि इथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. विदर्भात, नंदुरबारच्या डोंगराळ भागात आणि मध्य भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत सिकलसेलचे जनुक आढळते. दोन्ही प्रती तशा असल्या तर आयुष्यभराचे दुखणे. एकच असली तर गंभीर मलेरियापासून संरक्षण. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हा संबंध दाखवला. निवडीने माणसात केलेल्या कामाचे हे सर्वांत स्पष्ट उदाहरण मानले जाते, आणि ते आहेच. पण भारताचा नकाशा पुढे ठेवा. आसाम आणि ईशान्येकडे त्याच मलेरियाविरुद्ध हिमोग्लोबिन-ई हे दुसरेच रूप पसरले. सिंधी आणि इतर काही समाजांत थॅलेसेमियाची जनुके. अनेक ठिकाणी जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता. आफ्रिकेच्या मोठ्या भागात तर रक्तपेशीवरची एका परजीवीला आत घेणारी खूणच नाहीशी झाली. संकट तेच, निवडीचा दाबही तोच. पण कोणत्या समाजात कोणता बदल आधी हाताशी आला ते योगायोगाने ठरले. त्यातले काही उपाय स्वस्त पडले, काही फार महाग. गडचिरोलीतल्या एखाद्या मुलीला संधिवातासारख्या वेदना का सोसाव्या लागतात, याच्या उत्तरात निवड आणि योगायोग असे विणलेले आहेत. त्या वेदनेला वारशाने मिळालेला दोष म्हणून कोणी कमी लेखू नये, एवढे तरी या विषयाच्या अभ्यासाने साधावे.

समाजांच्या संदर्भात ‘किती होते?’ हा प्रश्न आणखी बोचरा होतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी महाराष्ट्रातल्या अंतर्विवाही गटांचा शरीरमापे आणि रक्तगटांच्या आधारे अभ्यास केला. कैलास मल्होत्रा यांच्याबरोबर समान दर्जाच्या आठ गटांची तुलना करणारा त्यांचा निबंध १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारी राहणारे, एकच भाषा बोलणारे गटही जैविक दृष्ट्या वेगळे राहू शकतात, हा त्यांच्या आस्थेचा विषय होता. आज डीएनए वाचता येतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले के. थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राईश यांच्या गटाने २०१७ मध्ये दक्षिण आशियातले २६३ समाज तपासले. त्यांपैकी ८१ समाजांचे मूळ इतक्या थोड्या पूर्वजांत होते की फिनलंडचे लोक आणि अश्कनाझी ज्यू ही पाठ्यपुस्तकातली उदाहरणे त्यापुढे फिकी पडावीत. त्यांतल्या चौदा समाजांची आजची लोकसंख्या दहा लाखांवर आहे. आज किती आहेत याने इथे काही कळत नाही. सुरुवातीला किती होते आणि नंतर बाहेर लग्ने झाली का, यावर सगळे अवलंबून आहे. आर्य वैश्य समाजात एका विकराची कमतरता जास्त आढळते आणि अशा रुग्णाला शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणारे एक नेहमीचे औषध दिले तर त्याचा परिणाम धोकादायक रीतीने लांबतो. त्या कमतरतेचा कोणाला कधी फायदा झाला होता, असे मानायचे कारण नाही. थोड्या पूर्वजांपैकी एकाकडे ती होती, एवढेच. भूलतज्ज्ञाला ही माहिती असली तर जीव वाचतो.

मग इतिहास पुन्हा पहिल्यापासून घडला तर तसाच घडेल का? गूल्ड यांनी १९८९ मध्ये प्राचीन जीवाश्मांच्या आधारे हा प्रश्न विचारला आणि ‘नाही’ असे उत्तर दिले. सायमन कॉनवे मॉरिस यांनी त्याच जीवाश्मांवर आयुष्य घालवून उलट मत मांडले. मिशिगनमध्ये बहरलेला रिचर्ड लेन्स्की यांचा प्रयोग या वादाला प्रयोगशाळेत घेऊन आला. २४ फेब्रुवारी १९८८ रोजी त्यांनी एकाच जिवाणूची प्रजा बारा चंबूंत सोडली. दररोज प्रत्येक चंबूतला शंभरावा भाग नव्या द्रवात घालायचा, आणि दर पाचशे पिढ्यांनी नमुना गोठवून ठेवायचा. बाराही चंबूंत जिवाणू अधिक वेगाने वाढू लागले, त्यांच्या पेशीही मोठ्या झाल्या: इथपर्यंत कॉनवे मॉरिस यांना पाठिंबा. पण साडेएकतीस हजार पिढ्यांच्या आसपास एका, फक्त एका चंबूतले जिवाणू द्रवातले सायट्रेट हवेच्या सान्निध्यात खाऊ लागले. या जातीला ते जमत नाही, हीच तिची एक ओळख आहे. झॅकरी ब्लाउंट यांनी त्याच चंबूचे गोठवलेले पूर्वज जागे करून इतिहास पुन्हा पुन्हा चालवला. जुन्या पूर्वजांपासून ते कौशल्य येईना. सुमारे वीस हजार पिढ्यांनंतरच्यांपासून काही वेळा आले. मधल्या काळात एखादा असा बदल होऊन गेला होता की ज्याने पुढची वाट मोकळी केली. उलट, निसर्गात पुनरावृत्तीही दिसते: कॅरिबियनमध्ये क्यूबा, हिस्पॅनिओला, जमैका आणि प्वेर्तो रिको या चार बेटांवर ॲनोलिस सरड्यांनी खोडावर राहणारे, काडीवर राहणारे असे सारखेच देह स्वतंत्रपणे घडवले आहेत. माझे मत असे की आरंभ जवळचा असेल तर निवड समूहांना बहुधा एकाच ठिकाणी पोचवते, आणि पूर्वज जितके दूरचे तितकी योगायोगाची पकड वाढत जाते.

योगायोगाचा सर्वांत मोठा आघात मराठी माणसाच्या पायाखाली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसोरांची हाडे आणि जीवाश्म झालेली विष्ठा सापडते. २००५ मध्ये त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष ओळखले गेले. ते प्राणी आपल्या परिसराशी उत्तम जुळलेले होते. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोत लघुग्रह आदळला, आणि त्याच सुमारास आज ज्याचा सह्याद्री झाला आहे त्या लाव्हाचे थरांवर थर इथे पसरत होते. डायनोसोरांच्या विनाशात लघुग्रहाचा वाटा मोठा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लाव्हाच्या वाट्यावर वाद चालू आहे. कोट्यवधी वर्षांचे अनुकूलन त्या आपत्तीत ज्यांच्या उपयोगी पडले त्यांच्याही बाबतीत ते त्या आपत्तीसाठी घडलेले नव्हते.

या क्षेत्रात यायला थोडी संभाव्यता, थोडी संख्याशास्त्राची ओळख आणि बाहेर हिंडायची तयारी लागते. संगणकावर बुरी यांच्या माश्यांचा खेळ दहा-पंधरा ओळींच्या प्रोग्रॅममध्ये मांडता येतो. पहिले काम म्हणून तो जरूर मांडावा, समूहाची संख्या बदलत पाहावे. दुसरे काम सह्याद्रीत आहे. गेल्या दोन दशकांत कोल्हापूरच्या जंगलातून, कासच्या पठारावरून, आंबोलीतून निमास्पिस वंशाच्या छोट्या, दिवसा फिरणाऱ्या पालींच्या नव्या जातींची वर्णने झाली. त्यांतल्या पुष्कळशा अगदी मर्यादित टापूत राहतात. नरांच्या गळ्या-पोटाचा रंग आणि मांड्यांवरच्या छिद्रांची संख्या जातीगणिक वेगळी. रंग माद्यांच्या पसंतीने घडला, की एका डोंगरावर मूठभर पाली अडकल्यामुळे? दोन्ही उत्तरे तपासता येण्याजोगी आहेत. निवडीचा परिणाम होत नाही अशा डीएनएत दोन डोंगरांवरच्या पाली एकमेकींपासून किती दुरावल्या आहेत ते मोजायचे आणि रंगातला दुरावा त्यापेक्षा जास्त आहे का ते पाहायचे. महागडी प्रयोगशाळा त्याला नंतर लागते. त्याआधी पावसाळ्याच्या तोंडाशी एकेका कड्यावर जाऊन पाली मोजायच्या आहेत, नर किती, माद्या किती, पिल्ले किती, आणि पुढच्या वर्षी त्याच कड्यावर पुन्हा.